सीगलला गाठिया नको, टाक्यात साबण नको : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मार्चपासून आलेल्या प्रश्नांचा नुसता ढीग झालाय, आणि यावेळी गंमत अशी की "ताई, सुट्टीत कुठे जाऊ" असं विचारणारे कमी आणि "आम्ही जातो त्याने तिकडे काय वाट लागते" असं विचारणारे जास्त. संपादकांनी लगेच 'जबाबदार पर्यटन विशेष' असं भारदस्त नाव देऊन टाकलं. नाव काही का असेना, प्रश्न फक्कड आहेत, म्हणून मावतील तेवढे घेतलेत, उरलेले पुढच्या अंकात.

प्रश्न (मुलुंडहून एक बाबा) : गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचच्या मागे सीगल येतात. लाँचवरच गाठिया-कुरकुरेची पाकिटं विकायला असतात, मुलं पक्ष्यांना घालतात, जाम खूश होतात. या थंडीत एका काकांनी सगळ्यांसमोर झापलं. एवढं काय बिघडतं? पक्षी तर आवडीने खातात.

खातात ना, फुकट मिळतंय आणि त्यासाठी पाण्यात बुडी मारावी लागत नाही, का नाही खाणार. पण आवडीने खाल्लं म्हणजे अंगी लागलं असं नाही. हे सीगल म्हणजे कुरव, आपल्याकडे बारा महिने नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला लडाख, तिबेट, मध्य आशिया अशा ठिकाणच्या थंडीतून आपल्या किनाऱ्याला येतात आणि मार्च-एप्रिलला परत निघतात. एवढा लांबचा पल्ला मारायचा तर अंगात चरबी साठवावी लागते, ती मासे, कोळंबी, किडे-बिडे खाऊन साठते. बेसन, मीठ आणि तळणीच्या तेलाने पोट तेवढं भरतं आणि खऱ्या खाण्याची भूक मारली जाते. शिवाय पक्षी माणसाच्या हाताला सोकावतो, मग लहान मुलाच्या हातातला वडापाव पण त्याला आपलाच वाटतो. आणि पाकीट? वाऱ्याने सुटलं की थेट समुद्रात, लाँच काही त्यासाठी मागे वळत नाही.

काकांनी सगळ्यांसमोर झापायला नको होतं हे मात्र खरं, त्याने मूल पक्षी विसरतं आणि काका लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी मुलांना एक काम देऊन बघा. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं थंडीत पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका, आणि परत जायची वेळ जवळ आली की तेच डोकं गडद चॉकलेटी होत जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच थव्यात काही अजून पांढरे, काही अर्धवट रंगलेले, काही पूर्ण रंगलेले असे सगळे दिसतात. ते हुडकायला लावा, मांडवा कधी आलं कळणार नाही. पाकीटवाल्याच्या पोटाची काळजी असेल तर त्याच्याकडून गाठिया घ्या आणि स्वतः खा, फक्त रिकामं पाकीट खिशात.

प्रश्न (कल्याणचा ग्रुप) : आम्ही बारा जण दोन-तीन गाड्या काढून जूनच्या पहिल्या वीकेंडला भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणार आहोत. रील्समध्ये अख्खं झाड पेटल्यासारखं दिसतं तसं दिसेल ना? काय काळजी घ्यायची?

रीलसारखं दिसणार नाही, आधीच सांगून टाकते. ते फोटो ट्रायपॉड लावून, बरेच शॉट एकावर एक चढवून केलेले असतात. डोळ्यांना दिसतं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त भारी, एक झाड लुकलुकायला लागतं, हळूहळू ताल धरतं, मग शेजारचं झाड त्याच तालात येतं, मध्येच सगळं गपगार आणि परत सुरू. पण त्याला अंधार लागतो, आणि जूनच्या वीकेंडला भंडारदऱ्यात नेमका अंधारच मिळत नाही. घोटीपासून गाड्यांची रांग, प्रत्येक वळणावर हाय बीम, मधे मधे चहा-मॅगीच्या टपऱ्यांचे हॅलोजन, आणि झाडाखाली उभं राहून शंभर मोबाईलचे टॉर्च.

आता त्याने काजव्याचं काय होतं ते बघा. ते चमकणं म्हणजे त्यांचा जोडीदार शोधायचा सगळा कारभार आहे. नर उडत उडत चमकून विचारतो, मादी बरेचदा खाली झुडपात नाहीतर गवतात बसून उत्तर देते. हे मे अखेर ते जूनचा मध्य, म्हणजे मोठा पाऊस धरायच्या आत उरकायला लागतं, कारण पंख फुटलेला काजवा फार दिवस जगतच नाही. त्याच्या आयुष्याचा बराचसा काळ अळी म्हणून जमिनीत, पाचोळ्यात, गोगलगायी खाऊन जातो. म्हणजे आपण हेडलाइट मारला की विचारणाऱ्याला उत्तर दिसत नाही, आणि फोटोसाठी पायवाट सोडून झाडाखाली घुसलो की खाली बसलेली मादी आणि पुढच्या पिढीची जागा दोन्ही आपल्या बुटाखाली. फ्लॅशने फोटो तर येतच नाही, त्यात नुसतं झाड येतं, तरी लोक मारत बसतात, ते मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हा पहिलं, वीकेंड सोडा. बुधवार-गुरुवारी रजा टाका, अमावस्येच्या आसपास जमलं तर सोन्याहून पिवळं. दुसरं, गाड्या कल्याणलाच राहू द्या. कसारा लोकल तुमच्या दारातून जाते, कसाऱ्याला उतरून एक मोठी जीप बारा जणांत ठरवा, भंडारदरा धरणाशेजारच्या शेंडी गावापर्यंत सोडते. तिसरं, गावात मुक्काम करा, संध्याकाळी येऊन रात्री परत पळणारी गर्दी सगळ्यात त्रासदायक, कारण तीच अंधारात गाड्या फिरवत राहते आणि गावात पाच पैसे पण सोडत नाही. मुक्कामाला असलात की जीप उजेड असतानाच लावून टाकायची आणि गावातल्याच माणसाबरोबर चालत जायचं, त्याला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यातलं कुठलं झाड यंदा लागलंय ते बरोबर ठाऊक असतं. टॉर्च लागलाच तर लाल जिलेटीन पेपर लावून, खाली पायाशी. मच्छर पळवायचा स्प्रे नको, फुल बाह्यांचा शर्ट घाला, तो किडे पळवायचा स्प्रे आहे आणि तुम्ही किडाच बघायला चाललाय. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर जी फी आणि जी वेळ सांगतील ती मुकाट पाळा. आणि भंडारदराच कशाला पाहिजे? पुरुषवाडी आहे, राजमाची आहे. फक्त तिथे पण दोन-तीन गाड्या नेऊ नका.

प्रश्न (गोरेगाव, वय २३) : सगळे सांगतात गडावरचा कचरा परत आणा. पण मुंबईत आणून टाकला तरी तो शेवटी देवनार नाहीतर कांजूरच्या डंपिंगलाच जाणार ना? डोंगर बदलला फक्त.

वाक्य आवडलं, खरंच आवडलं. देवनारला आपण १९२७ पासून टाकतोय आणि तिथे राहणाऱ्यांना विचारा तो डोंगर काय चीज आहे. पण तरी फरक आहे. मुंबईत सुका कचरा वेगळा काढून दिलात तर वाटेत कचरावेचक आहेत, भंगारवाले आहेत, पाण्याची बाटली ही त्यांच्यासाठी पैसे देणारी वस्तू आहे, ती बहुतेक वेळा डंपिंगपर्यंत पोचतच नाही. गडाच्या पायथ्याच्या गावात यातलं काय असतं? तिथे घंटागाडी नाही, भंगारवाला एकट्या बाटल्यांसाठी एवढ्या लांब येत नाही. मग एक खड्डा, त्यात काडी. नाहीतर गुरं चघळतात. गडावर तर तेही नाही, तिथे दुर्गसंवर्धनवाली पोरं आपला रविवार मोडून पोती भरून खाली आणतात, आणि पुढच्या शनिवारी आपण पुन्हा भरतो.

खरं उत्तर मात्र तुझ्या प्रश्नातच आहे, मुळात नेऊच नको. डबा, स्टीलची बाटली, कागदात नाही तर फडक्यात गुंडाळलेली पोळीभाजी. वेट वाइप्स घरी ठेव, ते दिसायला कागदासारखे असले तरी बहुतेकांत प्लॅस्टिकचे धागे असतात, पावसाळा गेला तरी करवंदीच्या जाळीत लटकलेले दिसतात. "संत्र्याची साल तर नैसर्गिक आहे" असं म्हणत भिरकावू नको, गडावरच्या उन्हात ती वाळून चामडं होते आणि महिनोन् महिने तशीच राहते. शिवाय माकडांना कळतं की सॅकमध्ये खाऊ असतो, मग ती सॅक ओढतात आणि आपण म्हणतो हल्ली माकडं फार माजलीत.

आणि एक, जे कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. टाकी. गडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि पुढे मे महिन्यापर्यंत येणारे-जाणारे, गडावर झुणका-भाकर नि ताक विकणाऱ्या मावश्या, कधी कधी गुराखी पण त्यावरच. प्रत्येक गडावर पिण्याजोगी टाकी एखाद-दुसरीच असतात. त्यात उडी मारून रील काढणारे, कडेला बसून साबणाने टोप घासणारे, मॅगीचं उरलेलं पाणी ओतणारे मी बघितलेत, आणि पाणी उपसून टाकलं तरी ते परत भरायला पुढचा पाऊसच यावा लागतो. पाणी वर काढून घ्यायचं, लांब जाऊन वापरायचं, साबण अजिबात नाही. कुठलं टाकं पिण्याचं ते मावशीला विचार आणि जेवण पण तिच्याकडेच घे. तिचा पिठलं-भाकरीचा भाव खालच्यापेक्षा जास्त असतो कारण पीठ, लाकूड, कांदा सगळं ती डोक्यावरून वर आणते. तिथे घासाघीस करणाऱ्याला मी ट्रेकर मानत नाही.

बाकी भिंतीवर नाव कोरणाऱ्यांसाठी, संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड असे महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी मिळून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा गर्दी वाढणारच आहे. ज्यांना लोहगडाच्या रविवारच्या रांगेत उभं राहायचं नाही त्यांनी यादीत नसलेले किल्ले बघावेत, साडेतीनशेच्या वर आहेत म्हणतात, एका जन्मात व्हायचे नाहीत.

प्रश्न (बोरिवली, आयटीवाली) : कर्जतला एक 'इको' व्हिला बघितलाय. प्रायव्हेट पूल, रेन डान्स, बांबूचं फर्निचर. इको म्हणजे खरंच इको आहे हे ओळखायचं कसं?

बांबूच्या खुर्चीने कोणी इको होत नाही गं. आधी हिशेब करू. साधा २० बाय १० फुटांचा, ४ फूट खोल पूल घेतला तर त्यात साडेबावीस हजार लिटरच्या वर पाणी मावतं. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर ओतले तरी तो भरत नाही. आणि हे मे महिन्यात, जेव्हा त्याच तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात.

तुला वाटेल, कोकणपट्टीत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो मग पाण्याचा दुष्काळ कसा? पडतो चार महिन्यांत, डोंगर उभे, जमिनीचा उतार समुद्राकडे, दक्षिणेकडे तर खाली भोकाभोकांचा जांभा दगड, पाणी मुरतं न मुरतं तोच झऱ्यातून नि ओढ्यातून निघून जातं. फेब्रुवारीनंतर विहिरीचा तळ दिसायला लागतो, आणि त्यात शेजारच्या व्हिलाने खोल बोअर मारली की विहीर अजून लवकर आटते. म्हणून बुकिंगच्या आधी फोनवर सरळ विचारायचं, पूलचं पाणी कुठून येतं, किती दिवसांनी बदलता, संडास-बाथरूमचं पाणी कुठे सोडता, कामाला गावातले किती आणि स्वयंपाक कोण करतं, स्पीकर रात्री किती वाजता बंद. ज्याने खरंच काही केलंय तो माणूस या प्रश्नांवर खुलतो, सोकपिट म्हणजे सांडपाणी जिरवायचा खड्डा कुठे खणलाय, छपराचं पाणी कसं वळवलं ते अर्धा तास सांगत बसतो, थांबवावं लागतं. ज्याने केलेलं नाही तो म्हणतो "मॅडम आपल्याकडे सोलर आहे" आणि रेट सांगायला लागतो.

पूल पाहिजेच असेल तर पावसाळ्यात जा, तेव्हा पाणी आहे. किंवा पूल नसलेलं एखादं घरगुती ठिकाण बघ, राज्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी केलेली निवास-न्याहारीची घरं आहेत, शेतावर राहायची कृषी पर्यटन केंद्रं आहेत, तिथे संध्याकाळी ओढ्यावर जाऊन बसायचं. तिथे एक पथ्य, घर आहे ते, रात्री साडेअकराला "काकू परत एकदा चहा" नाही.

प्रश्न (ठाणे, नवीन थार) : गुहागर-दिवेआगरकडे बीचवर गाडी चालवली तर कोणाला काय त्रास?

नको. वाळूखाली हात-दीड हात खोल ऑलिव्ह रिडले कासवाची घरटी असू शकतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री येऊन घालून जाते आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, चाकाने वाळू दाबली गेली की ती वर येऊच शकत नाहीत. वेळास, आंजर्ले, गुहागर, दिवेआगर या किनाऱ्यांवर कासवमित्र रात्री-पहाटे हिंडून ही घरटी शोधतात आणि जाळीच्या कुंपणात हलवतात, पण सगळीच सापडतात असं नाही. कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आणि भरतीत थार रुतली की गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, त्याचा व्हिडिओ तुमच्या व्हिडिओपेक्षा जास्त चालतो.

प्रश्न (चेंबूरहून एक ताई) : माथेरानला घोड्यावर बसणं चुकीचं का? आणि हातरिक्षा? माणसाने माणसाला ओढायचं बघून कसंतरी होतं, पण नाही बसलो तर त्यांचं पोट कसं भरणार?

हातरिक्षाचा निकाल लागलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती प्रथा माणुसकीला धरून नाही असं म्हणून सहा महिन्यांत बंद करायला सांगितली, आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन ई-रिक्षा देऊन करायला सांगितलं. तेव्हा ई-रिक्षात बसायचं तर तिथे परवानाधारक तोच जुना हातरिक्षावाला असेल तर सोन्याहून... नाही, ते मगाशी वापरलं, तर उत्तम.

घोड्याचं मी सरसकट नाही म्हणणार नाही. माथेरानमध्ये गाड्यांना बंदी, २००३ पासून तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर, सामानापासून पेशंटपर्यंत कित्येक गोष्टी वर्षानुवर्षं घोड्यावरूनच गेल्या, अख्खी घरं त्यावर उभी राहिली. पण घोडा बघून घ्या. खोगिराखाली जखम आहे का, लंगडतोय का, तोंडाला फेस आलाय का. भर दुपारी लागोपाठ फेऱ्या मारणाऱ्यावर बसू नका, वजनदार माणसाने बारक्या तट्टावर तर नाहीच, आणि पळवायला सांगू नका, त्यात घोडा आणि तुमचं पोर दोघांनाही धोका. धडधाकट असाल तर दस्तुरीपासून, म्हणजे गाड्या थांबतात तिथून, बाजारापर्यंत चालत जा, झाडीतून रस्ता आहे, सामान तेवढं हमालाला द्या आणि ठरलेल्या दरात पन्नास रुपये कमी करायला लावू नका. ज्यांना चालवत नाही त्यांना अमन लॉज स्टेशनहून शटल ट्रेन आहे. चपलेचं दुकान लागेल तिथे चप्पल घ्या, चिक्की घ्या, मध घ्या, पोट भरायचे रस्ते घोडा सोडून पण आहेत.

प्रश्न (गिरगावच्या एक आजी) : मुलगा-सून लेह-लडाखला नेतायत. मुलगा आत्तापासून सांगतोय आई तिकडे पाणी जपून वापर, तिथे कोरडे संडास असतात. माझे गुडघे गेलेले, मला कमोडच लागतो. मग मी जाऊच नये का?

आजी, बिनधास्त जा. लेहमधल्या हॉटेलांत कमोड असतात, चिंता नको. मुलगा म्हणतो ते जुन्या लडाखी घरांचं, माडीवर खोली, जमिनीला भोक, वरून माती-राख लोटायची, खाली खत तयार होतं आणि वसंतात शेतात जातं. पाणी लागतच नाही. आणि ते शहाणपण त्यांना आलं कारण लेहला वर्षाला पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर, आपल्या मुंबईत जुलैच्या एका दुपारी पडतो तेवढा. बाकी सगळं बर्फ वितळून आलेलं पाणी. आता हॉटेलं झाली, प्रत्येक खोलीला शॉवर आणि फ्लश, त्यासाठी बोअर मारल्या, आणि गावातले झरे-विहिरी कमी पडायला लागल्या.

तर शॉवर नको, बादली मागा. टॉवेल-चादर रोज बदलू नका म्हणून सांगा, कपडे तिथे धुवायला टाकू नका, गिरगावात येऊन धुवा. प्यायला उकळलेलं पाणी हॉटेलातून बाटलीत भरून घ्या. मुलाला म्हणावं मला काय शिकवतोस, चाळीत सकाळी तासभर पाणी यायचं त्यात पिंप, कळशी, बादल्या भरून अख्ख्या घराच्या आंघोळी उरकल्यात आम्ही, शॉवर तुला लागतो. उलट त्यालाच एक काम सांगा, टूरची गाडी पॉइंटला थांबली की ड्रायव्हरला इंजिन बंद करायची विनंती करायची. अर्धा अर्धा तास एसीसाठी किंवा हीटरसाठी गाड्या घुरघुरत उभ्या असतात.

आणि याचा पाण्याशी संबंध नाही तरी सांगते, लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, विमानाने थेट उतरलात की पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. निघायच्या आधी डॉक्टरांना बीपीच्या गोळ्यांसकट सगळं विचारून घ्या.

प्रश्न (वेसावे, म्हणजे वर्सोवा कोळीवाडा) : ताई, तुम्ही सगळ्यांना बाहेर गेल्यावर कसं वागायचं ते सांगता. आमच्याकडे जे येतात त्यांचं काय? दर रविवारी कॅमेरे घेऊन टोळकी येतात, हेरिटेज वॉक म्हणे. वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंवर, बोंबील घालताना फोटो, पोरांना आंघोळ घालताना फोटो, वर नाकाला रुमाल. आम्ही काय प्रदर्शन आहोत का?

हा प्रश्न आधी छापायला हवा होता, कारण बाकी सगळ्या प्रश्नांत आपण मुंबईकर पाहुणे आहोत आणि इथे आपलंच घर बघायला लोक आलेत. वाचकांनी वरच्या सगळ्या उत्तरांत वेळास, पुरुषवाडी, कर्जतच्या जागी वेसावे घालून परत वाचून बघा.

ताई, तुमच्याकडे करता येण्याजोगं बरंच आहे. तुमचे गावचे पाटील, कोळी जमात, मच्छीमार सोसायट्या आहेत, दरवर्षी कोळी सीफूड फेस्टिव्हलला हजारो माणसं सांभाळणारं गाव आहे ते, दहा-वीस जणांचा वॉक सांभाळणं तुम्हाला जड नाही. बसून ठरवा, वॉक कुठल्या वारी, किती वाजता, किती माणसांचा, कुठल्या गल्लीतून आणि कुठून नाही. गाइड गावातलाच, तो पण ज्याने स्वतः बोटीवर काम केलंय असा, म्हणजे तो डोल, म्हणजे पाण्याच्या ओढीत बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, ओढून दाखवेल, बाहेरचा गाइड नुसतं "हे बघा ट्रॅडिशनल" म्हणेल. फी गावाच्या खात्यात. आणि बंदराच्या तोंडाशी मोठा फलक, बायकांचे आणि पोरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नये. विचारलं तरी नाही म्हणायचा हक्क आहेच, त्याला कारण द्यायला लागत नाही.

जाणाऱ्यांसाठी, वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका, ते विणायला आणि शिवायला किती वेळ जातो ते तिथल्या कोणाही म्हाताऱ्याला विचारा. वलांडीखालून वाकून आत घुसू नका. वास येणारच, मासळी आहे, अत्तराचं दुकान नाही. रुमाल लावायचा असेल तर घरीच बसा. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद असते, मासे अंडी घालतात तो काळ, तेव्हा तिथे जाऊन ताजं पापलेट-सुरमई मागू नका, आणि एरवी पण तळहाताएवढं पिल्लू पापलेट स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. सुकं घ्या, सोडे, जवळा, वाकट्या, वर्षाची बेगमी होते. आणि वॉकचे पैसे भरताना आयोजकाला विचारा की यातले गावात किती राहतात. उत्तर गोलमाल आलं तर त्या वॉकला जाऊ नका, अंधेरी स्टेशनहून बस पकडून स्वतः जा, अर्धा किलो बोंबील घ्या, आणि विकणारीला वेळ असेल तर तिच्याशी बोला, रविवारी सकाळी तिला वेळ नसतो, संध्याकाळी जा.